टर्पेंटाइनपासून उसाच्या चिपाडापर्यंत : राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एका संशोधनधारेची वाटचाल

पुण्यात पाषाण रस्त्यावर ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला बसवण्यात आली. स्वातंत्र्याला तेव्हा चार महिने अवकाश होता. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने देशभर प्रयोगशाळांची मालिका उभारायचे ठरवले होते. परिषदेचे सूत्रधार डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्या आराखड्यात रसायनशास्त्राचे केंद्र म्हणून पुण्याची निवड झाली. टाटांच्या विश्वस्त निधीने उभारणीला हातभार लावला. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंनी प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. त्याच सुमारास प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय विज्ञान काँग्रेसचे ३७ वे अधिवेशन पुण्यात भरले होते. देश प्रजासत्ताक होण्याआधीच त्याची रसायनशाळा उघडली होती.

प्रयोगशाळेचा व्याप पहिल्यापासूनच मोठा होता. बहुवारिके, उत्प्रेरक, रासायनिक अभियांत्रिकी, जीवरसायनशास्त्र अशा अनेक शाखांत तिने नाव मिळवले. येथे मात्र त्यांतील एकाच धारेचा मागोवा घेतला आहे : वनस्पतींपासून मिळणारी किंवा वनस्पतिजन्य कच्च्या मालापासून घडवलेली वलयी संयुगे. कार्बन अणूंच्या साखळीची दोन टोके जुळली की वलय तयार होते. तीन अणूंचे, पाच-सहा अणूंचे, कधी पंधरा-सोळा अणूंचेही. औषधे, रंग, सुगंधी द्रव्ये, कीटकनाशके, प्लास्टिक आणि राळी यांतला फार मोठा भाग अशा वलयांवर उभा आहे. एकोणिसाव्या शतकात उद्योगांनी ही वलये दगडी कोळशाच्या डांबरातून काढली, विसाव्या शतकात पेट्रोलियममधून. झाडे मात्र कापूर, हळदीचा रंग, चंदनाचा गंध ही सारी वलये हवा, पाणी आणि उन्हावर युगानुयुगे घडवत आली आहेत. हा कच्चा माल दरवर्षी नव्याने उगवतो. त्याचे मोल या प्रयोगशाळेने पेट्रोलियम महागण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते.

पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन स्टॅनफर्ड विद्यापीठातून आले. कलिल रसायनशास्त्रात त्यांचा जगभर अधिकार होता. १९५२ मध्ये जॉर्ज इंगल फिंच यांनी सूत्रे घेतली. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत कृत्रिम प्राणवायूचा वापर करून दाखवणारे गिर्यारोहक ते हेच. या दोघांच्या काळात इमारत, ग्रंथालय, यंत्रशाळा आणि काच फुंकण्याचा विभाग यांची घडी बसली. हे शेवटचे दोन विभाग वाटचालीच्या वृत्तांतात सहसा उल्लेखाविना राहतात. आयात परवाने आणि परकीय चलन यांची चणचण असलेल्या त्या वर्षांत ऊर्ध्वपातनाचे लांब स्तंभ, निर्वात नळ्या आणि वेगवेगळ्या घाटाचे चंबू प्रयोगशाळेतच तयार होत. ते घडवणाऱ्या कारागिरांची नावे शोधनिबंधांवर आली नाहीत, पण त्यांनी फुंकलेल्या काचेवाचून ते निबंध लिहिले गेले नसते.

वनस्पतिजन्य वलयांच्या कामाचा पाया १९५० च्या दशकात डॉ. शशांकचंद्र भट्टाचार्य यांनी घातला. सुगंधी तेले हा त्यांचा विषय होता. भारतातून वाळा, अगरू, चंदन ही द्रव्ये शतकानुशतके परदेशी जात होती, परंतु त्यांच्या गंधामागे नेमके कोणते रेणू आहेत याचा उलगडा बऱ्याच अंशी युरोपातील प्रयोगशाळांत होई. भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुण्यात करायचे ठरवले. कोष्ठाची मुळे, ज्यांना बाजारात उपलेट म्हणतात, काश्मीरकडून येत. त्यांच्या तेलातील कॉस्ट्युनोलाइड या संयुगाची रचना सोमशेखर राव, केळकर आणि भट्टाचार्य यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली. त्यात दहा कार्बन अणूंचे वलय आहे. पाच-सहा अणूंच्या वलयांची सवय असलेल्या रसायनशास्त्रज्ञांना एवढे मध्यम आकाराचे वलय निसर्गात सापडणे ही विशेष बाब होती. वनस्पती इतर अनेक वलयी संयुगे याच टप्प्यावरून घडवते, हे पुढील संशोधनाने दाखवले. आसामातील अगरूच्या लाकडातून अगरोफ्युरानची रचनाही याच गटाने मांडली.

याच विभागातील दुसरे काम उद्योगाच्या अधिक जवळचे होते. कस्तुरीचा गंध पंधरा ते सतरा अणूंच्या मोठ्या वलयांतून येतो. खऱ्या कस्तुरीसाठी मृगाचा जीव जातो, आणि एवढे मोठे वलय प्रयोगशाळेत जुळवणे कठीण, कारण लांब साखळीची दोन टोके एकमेकांना भेटण्याऐवजी शेजारच्या साखळीला जाऊन मिळतात. द्रावण अतिशय विरल ठेवले तरच रेणू स्वतःवर वळतो. लांब साखळी आणायची कोठून, हा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर पुण्याच्या गटाला लाखेत मिळाले. कुसुम, पळस या झाडांच्या रसावर जगणारा कीटक लाख तयार करतो. त्या लाखेतील अल्युरिटिक आम्लात सोळा कार्बनची साखळी आणि जोडणीला सोयीचे गट तयारच असतात. माथूर आणि भट्टाचार्य यांनी त्या आम्लापासून एक्झाल्टोलाइडसारखी कस्तुरीगंधी वलये घडवली. भारतात मुबलक असलेला वनोपज, आणि त्यापासून जगाच्या अत्तर बाजारातील सर्वांत महाग गटातले रेणू, हे त्या काळी धाडसाचेच गणित होते. १९६२ मध्ये भट्टाचार्य यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे ते कोलकात्याच्या बोस संस्थेचे संचालक झाले.

१९५७ मध्ये डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईच्या विद्यापीठ रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे नेतृत्व करून ते पुण्यास आले. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले होते. फुलापानांतील पिवळ्या रंगद्रव्यांची, म्हणजे फ्लॅव्होनांची, वलये जुळवण्याची बेकर-वेंकटरामन अभिक्रिया १९३० च्या दशकापासून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत होती. रंग हा त्यांचा ध्यास. संचालकपदाचा व्याप सांभाळून त्यांनी निसर्गातील रंगांवर काम चालू ठेवले. फणसाच्या लाकडाचा पिवळा गाभा कोकणात घरोघरी माहीत आहे. त्या गाभ्यातील आर्टोकार्पिन आणि त्याच्या जातभाई संयुगांच्या रचना वेंकटरामन, ए. व्ही. रामाराव आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात निश्चित केल्या. रामाराव हे वेंकटरामन यांचे विद्यार्थी. पुढे याच धारेतील आणखी एका मोठ्या कामाशी त्यांचे नाव जोडले गेले, त्याचा उल्लेख यथाक्रम येईल.

१९६० मध्ये डॉ. सुखदेव बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून पुण्यास आले आणि सेंद्रिय रसायन विभागाला नवे बळ मिळाले. त्यांच्या कामाची पार्श्वभूमी थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण भारतीय कच्च्या मालाची अडचण आणि तिच्यातून निघालेली वाट त्यात स्पष्ट दिसते.

हिमालयाच्या उतारावरील चीड वृक्षांना खाचा पाडून डिंक गोळा करतात. त्याचे ऊर्ध्वपातन केले की राळ मागे उरते आणि टर्पेंटाइन तेल हाती येते. युरोप-अमेरिकेतील टर्पेंटाइनमध्ये अल्फा-पायनीन भरपूर असते, आणि त्यापासून कृत्रिम कापूर तयार करता येतो. भारतीय टर्पेंटाइनमध्ये मात्र पायनीन चौथ्या हिश्श्याच्या आसपास. निम्म्याहून अधिक भाग कॅरीनचा आणि उरलेल्यात लाँगिफोलीन. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत जॉन लायनेल सिमन्सन यांनी १९२० मध्ये हे दोन घटक ओळखले होते, परंतु कापराच्या कारखानदाराला त्यांचा उपयोग नव्हता. त्यामुळे देशी टर्पेंटाइन रंग पातळ करण्यापुरतेच, हलक्या प्रतीचे मानले जाई. सुखदेव यांनी कॅरीन आणि लाँगिफोलीन हीच भारताची खरी संपत्ती असल्याचे धरून काम आरंभले. जे इतरांकडे नाही ते आपल्याकडे आहे, असा हा विचार होता आणि तो योग्य ठरला.

लाँगिफोलीन हा पंधरा कार्बनचा, तीन वलये एकमेकांत गुंतलेला रेणू. त्याची रचना १९५३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित झाली आणि १९६१ मध्ये अमेरिकेत ई. जे. कोरी यांनी त्याचे संपूर्ण संश्लेषण केले. पुण्यातील गटाने पुढचा प्रश्न हाती घेतला : या रेणूला आम्ल, ऑक्सिडीकारक किंवा उष्णता लावल्यास त्याची वलये कशी मोडतात आणि कोणत्या नव्या आकारात जुळतात? आम्लाच्या सान्निध्यात तो आयसोलाँगिफोलीनमध्ये बदलतो, आणि त्यापासून सुगंधी उद्योगाला उपयोगी अशी लाकडी गंधाची संयुगे तयार होतात. एका रेणूच्या वर्तनाचा इतका दीर्घ आणि चिकाटीचा अभ्यास जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. सुखदेव यांनी १९८१ मध्ये या साऱ्या कामाचा आढावा एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला.

ते दिवस साधनांच्या अभावाचे होते. आज चुंबकीय अनुस्पंदन यंत्रावर नमुना लावला की रेणूचा सांगाडा दिसू लागतो. त्या काळी अज्ञात संयुग गंधक किंवा सेलेनियमबरोबर तापवायचे, हायड्रोजन काढून टाकायचा, नॅप्थलीन किंवा निळसर अझुलीन हाती आले तर त्यावरून मूळ सांगाड्याचा अंदाज बांधायचा, आणि मग एकेक तुकडा तोडून तो अंदाज तपासायचा, अशी रीत होती. एका रचनेला वर्षे लागत आणि त्यासाठी काही किलो मुळे किंवा लाकूड संपे. मिश्रणातील सारख्या गुणधर्मांची टर्पीने, म्हणजे पायनीन, कॅरीन, लाँगिफोलीन यांच्या कुळातील संयुगे, वेगळी करणे हा तर रोजचा झगडा. सिलिका जेलमध्ये सिल्व्हर नायट्रेट मिसळले तर दुहेरी बंधांच्या संख्येनुसार आणि जागेनुसार ही संयुगे वेगवेगळ्या अंतरावर थांबतात. ही पद्धत सुखदेव यांच्या गटाने आपल्या कामासाठी घडवली, आणि टर्पीनांवर काम करणाऱ्यांना ती फार उपयोगी पडली.

देवदाराच्या तेलातील हिमाचलीन, गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन, बावचीच्या बियांतील बाकुचिऑल या साऱ्यांची ओळख याच काळात झाली. बाकुचिऑलची गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. बावची ही त्वचारोगांवरची आयुर्वेदीय वनस्पती. तिच्या बियांतून मेहता, नायक आणि सुखदेव यांनी १९६६ मध्ये बेंझीन वलयाला टर्पीनाची शेपटी जोडलेला हा रेणू वेगळा करून त्याची रचना दिली. तो शोधनिबंध तेव्हा तज्ज्ञांच्या वर्तुळातच वाचला गेला. आज जगभरच्या त्वचाप्रसाधनांच्या वेष्टनांवर हे नाव छापलेले दिसते, आणि रेटिनॉलला पर्याय म्हणून त्याची मागणी आहे. निबंधाचे पहिले लेखक गोवर्धन मेहता त्या वेळी प्रयोगशाळेत पीएच.डी.चे विद्यार्थी होते. पुढे ते भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. सुखदेव यांना १९६४ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये ते वडोदऱ्याजवळील नंदेसरीच्या संशोधन केंद्रात गेले, तोपर्यंत पुण्यात टर्पीन रसायनशास्त्राची एक पूर्ण पिढी तयार झाली होती.

त्या पिढीने कॅरीनचा प्रश्न सोडला नाही. १९६६ ते १९७८ या काळात संचालक असलेले डॉ. बाळ दत्तात्रेय तिळक यांनी संशोधन कारखान्यापर्यंत पोचवण्यावर भर दिला होता. त्याच वेळी इंग्लंडमध्ये मायकेल एलियट यांनी १९७३-७४ मध्ये पर्मेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन ही कीटकनाशके पुढे आणली. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम फुलांत निसर्गाने जे कीटकनाशक ठेवले आहे, त्याच्या नमुन्यावर ती बेतलेली होती. त्यांच्या गाभ्यात तीन कार्बनचे एक ताणलेले वलय असते आणि त्या वलयावर दोन मिथिल गट ठरावीक जागी असतात. कॅरीनच्या रेणूत अगदी हेच वलय, हेच मिथिल गट, आणि अवकाशातील मांडणीही हवी तशीच. त्याला चिकटलेले सहा अणूंचे वलय तेवढे उघडायचे. आर. बी. मित्रा आणि ए. एस. खनरा यांनी १९७७ मध्ये कॅरीनपासून सिस-क्रिसँथेमिक आम्लाचे एस्टर तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हलक्या प्रतीचे म्हणून हिणवलेल्या देशी टर्पेंटाइनमध्ये आधुनिक कीटकनाशकाचा गाभा जन्मजात होता, हे या कामाने सिद्ध केले. जगाच्या बाजारात मात्र पेट्रोरसायनांपासूनची पद्धत स्वस्त पडली आणि तीच रूढ राहिली. पर्वतीय वनांतील डिंकाचा उपसाही पुढे घटत गेला. रसायनशास्त्राने वाट दाखवली, अर्थकारणाने ती अडवली. हा अनुभव या धारेला पुन्हा आला.

१९८० च्या दशकात औषधांच्या क्षेत्रात मोठे यश मिळाले. सदाफुलीच्या पानांतील विनब्लास्टीन आणि विनक्रिस्टीन ही कर्करोगावरील औषधे परदेशातून येत आणि सामान्य रुग्णाला न परवडणाऱ्या किमतीला विकली जात. अनेक वलयांनी बनलेले दोन अल्कलॉइड एकमेकांना जोडलेले असा हा गुंतागुंतीचा रेणू. पानांत त्याचे प्रमाण इतके कमी की थोड्या ग्रॅमांसाठी टनावारी पाला लागतो. आधी ज्यांचा उल्लेख आला त्या रामाराव यांच्या गटाने निष्कर्षण आणि शुद्धीकरणाची देशी पद्धत विकसित केली, आणि सिप्ला या कंपनीने १९८४ मध्ये प्रयोगशाळेच्या सहकार्याने ही औषधे तयार केली. अंगणातल्या सदाफुलीतून देशात कर्करोगाचे औषध निघू लागले. प्रयोगशाळेच्या साऱ्या कामांत याहून थेट माणसाच्या उपयोगी पडलेले काम दाखवणे कठीण आहे.

त्याच दशकात प्रयोगशाळेचा मुख्य ओघ पेट्रोलियमकडे वळला होता, हे नमूद करणे आवश्यक आहे. डॉ. एल. के. दोराईस्वामी संचालक असताना डॉ. पॉल रत्नसामी यांच्या नेतृत्वाखाली झिओलाइट उत्प्रेरकांवर जे काम झाले, त्यातून वडोदऱ्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनमध्ये झायलिनांच्या रूपांतराचे देशी तंत्र उभे राहिले. वनस्पतिजन्य वलयांच्या दृष्टीने हा काळ ओहोटीचा म्हणता येईल. तरीही एक धागा तुटला नाही. मळीपासून मिळणारे अल्कोहोल ही भारताची जुनी रासायनिक शिदोरी होती. बरेलीत अल्कोहोलपासून कृत्रिम रबर आणि विशाखापट्टणममध्ये स्टायरीन तयार होत असे. एथिलीनऐवजी अल्कोहोलच थेट बेंझीनला जोडून एथिलबेंझीन घडवण्याची झिओलाइटवरील पद्धत पुण्यात विकसित झाली आणि हिंदुस्थान पॉलिमर्सच्या विशाखापट्टणमच्या कारखान्यात वापरली गेली. त्यातले वलय खनिज तेलाचे आणि शेपटी उसाची. अर्धीच वाट, पण झिओलाइटच्या सूक्ष्म छिद्रांत वनस्पतिजन्य रेणू कसे वागतात याचा अनुभव या काळात हाती आला. पुढच्या टप्प्याची तयारी तीच होती.

कच्च्या मालाच्या बाजूनेही काम चालू होते. १९५१ पासून प्रयोगशाळेत असलेला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आसवन्यांना आणि संशोधकांना यीस्ट व जिवाणूंचे वाण पुरवत होता. व्ही. जगन्नाथन आणि ए. एफ. मस्करेन्हस यांच्या गटाने ऊतीसंवर्धनातून ऊस, साग, निलगिरी, बांबू यांची रोपे तयार केली. चाचणीनळीत बांबूला फुले आणल्याचा त्यांचा निबंध १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. झाडापासून रसायन घ्यायचे तर आधी झाड हवे, हे भान संस्थेत कायम राहिले.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेलाचे भाव चढले, हवामानबदलाची चिंता वाढली आणि जगभरच्या प्रयोगशाळा शेतातील टाकाऊ मालाकडे वळल्या. महाराष्ट्रात हा माल दारातच होता. प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले त्याच वर्षी प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला होता. तेव्हापासून राज्यात कारखानदारी वाढत गेली आणि गाळलेल्या प्रत्येक टन उसामागे पाव टनाहून अधिक ओले चिपाड, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅस, मागे उरू लागले. त्यात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे तीन मुख्य घटक. हेमिसेल्युलोज पाण्याने फोडले की झायलोज ही पाच कार्बनची साखर मिळते. तिच्यातून पाण्याचे तीन रेणू काढले की साखळी वळून फरफ्युरल होते : चार कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे वलय.

फरफ्युरल नवे नव्हे. जर्मनीत डोबरायनर यांनी ते १८३० च्या दशकाच्या आरंभी पाहिले होते, आणि अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने १९२० च्या दशकात ओटच्या टरफलांपासून त्याचे औद्योगिक उत्पादन सुरू केले. वंगण तेलांचे शुद्धीकरण, ओतकामाच्या साच्यांसाठी लागणाऱ्या फ्युरान राळी, औषधांतील घटक असे त्याचे उपयोग आहेत. जुन्या पद्धतीत गंधकाम्ल वापरतात. ते यंत्रे खाते, वेगळे करता येत नाही आणि सांडपाण्याचा प्रश्न निर्माण करते. शिवाय तयार झालेले फरफ्युरल त्याच आम्लात राहिले की डांबरासारख्या काळ्या गाळात बदलते. डॉ. परेश ढेपे यांच्या गटाने २०१० पासून घन आम्ल उत्प्रेरकांचा मार्ग धरला. उत्प्रेरक घन असेल तर गाळून परत वापरता येतो. अडचण अशी की चिपाडातील घटक कडक उष्ण पाण्यात असताना बहुतेक झिओलाइटांची रचना ढासळते. २०१३ मध्ये या गटाने सिलिका, ॲल्युमिना आणि फॉस्फेट यांच्या एका विशिष्ट स्फटिकी संयुगावर हेमिसेल्युलोजपासून एकाच भांड्यात, १७० अंश सेल्सिअसला, साठ टक्क्यांहून अधिक फरफ्युरल मिळवले. महत्त्वाचे म्हणजे तोच उत्प्रेरक पुन्हा पुन्हा वापरता आला. पेट्रोलियमसाठी तीस वर्षांपूर्वी मिळवलेली झिओलाइटची जाण येथे उसाच्या कामी आली.

समांतर कामात डॉ. चंद्रशेखर रोडे यांच्या गटाने पुढची पायरी घेतली. सेल्युलोजपासून मिळणाऱ्या लेव्ह्युलिनिक आम्लाला हायड्रोजन देऊन गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन हे पाच अणूंचे वलय घडवता येते. ते सुरक्षित द्रावक आहे, इंधनात मिसळण्याजोगे आहे आणि इतर रसायनांचा आरंभबिंदूही आहे. यासाठी सहसा रुथेनियमसारखे महाग धातू लागतात. पुण्यात तांबे आणि झिर्कोनियावर आधारलेला स्वस्त उत्प्रेरक तयार झाला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

लिग्निन हा तिन्हींतला सर्वांत हट्टी घटक, आणि सर्वांत मोलाचाही. निसर्गात बेंझीन वलयांचा एवढा मोठा साठा दुसरा नाही. मात्र ती वलये वेड्यावाकड्या बंधांनी एकमेकांत अशी जखडलेली असतात की बहुतेक कारखाने लिग्निन जाळून वाफच करतात. ढेपे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २५० अंशांच्या आसपास घन आम्लांच्या साहाय्याने लिग्निन फोडून सुट्या सुगंधी (ॲरोमॅटिक), म्हणजे बेंझीनसारख्या, वलयांची संयुगे मिळवली. ती वेगळी करणे, आणि प्रत्येकाला ग्राहक मिळवून देणे, हे काम अद्याप पुढे आहे.

कोकण आणि गोव्याशी जोडलेला धागा काजूचा. काजूगर काढल्यावर उरणाऱ्या टरफलांतले डिंबेल तेल पूर्वी होड्यांच्या लाकडाला फासत. त्यातील अनॅकार्डिक आम्ल तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन कार्डेनॉल उरते. हे फेनॉलचे वलय आणि त्याला पंधरा कार्बनची लांब शेपटी. ब्रेकच्या अस्तरांतील राळीसाठी ते उद्योगात वापरले जातेच. डॉ. प्रकाश वाडगावकर यांच्या गटाने ती शेपटी जपून कार्डेनॉलपासून बहुवारिकांचे नवे घटक तयार केले. उष्णतेला टिकणारी सुगंधी बहुवारिके सहसा कोणत्याही द्रावकात विरघळत नाहीत आणि त्यामुळे त्यांना आकार देणे कठीण होते. काजूच्या टरफलातली शेपटी त्यांना विद्राव्य करते. टाकाऊ टरफलातून केवळ पर्यायी माल मिळाला नाही, पेट्रोलियमच्या मालाहून सरस गुण मिळाला.

सध्याच्या अडचणी प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेरच्या अधिक आहेत. चिपाड आता टाकाऊ राहिलेले नाही. कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वीज विकतात, त्यामुळे रसायनासाठी ते मागायचे तर विजेपेक्षा चांगला भाव द्यावा लागतो. फरफ्युरलच्या बाजारावर चीनचा वरचष्मा आहे. चंबूतली पद्धत टनांच्या प्रमाणावर नेताना चिखलासारखे मिश्रण नळ्यांतून वाहते ठेवणे हाच मोठा अभियांत्रिकी प्रश्न असतो. प्रयोगशाळेतील रासायनिक अभियांत्रिकी विभागात अखंड प्रवाहाच्या अभिक्रियापात्रांवर जे काम चालू आहे, त्याचा उपयोग याच ठिकाणी होणार आहे. २००७ मध्ये प्रयोगशाळेच्या आवारात सुरू झालेल्या व्हेंचर सेंटरने संशोधकांना स्वतःचे उद्योग उभारण्यासाठी जागा आणि साधने दिली.

पुण्याच्या परिसरात उद्योगही या दिशेने सरकला आहे. लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू जुळून लॅक्टाइड हे सहा अणूंचे वलय होते, आणि ते उघडून विघटनशील प्लास्टिक तयार करतात. साखरेपासून या प्लास्टिकपर्यंतचे प्रात्यक्षिक केंद्र प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरी येथे सुरू केले. २०२१ पासून डॉ. आशिष लेले राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक आहेत. जानेवारी २०२५ मध्ये संस्थेने पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली. लिग्निनपासून मिळणाऱ्या सुगंधी संयुगांचे पृथक्करण, घन उत्प्रेरकांचे आयुष्य वाढवणे आणि शेतातील अवशेषांपासून प्लास्टिकचे घटक तयार करणे हे या धारेपुढचे आजचे विषय आहेत, आणि देशाच्या सर्व भागांतून आलेले पीएच.डी.चे विद्यार्थी त्यांवर काम करत आहेत.